झाकणात दिवाच नव्हता

आधी आकडा सांगतो. अण्णांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून घेण्यात गेले ते बावीस हजार आठशे रुपये. त्यातले १२,००० गूगल पेने आणि १०,८०० रोख. रोखीची पावती नाही. मी तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्जविभागात. सातबाऱ्यावरची खाडाखोड मला टेबलापलीकडून दिसायची. आता हसून घ्या, मग पुढचं वाचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोयना प्रकल्पावर ओव्हरसियर होते. पगार बेताचा आणि कॅमेऱ्याचं वेड बेतापलीकडचं. आधी आगफा क्लिक थ्री, मग कुणाकडून तरी जुना घेतलेला झेनिट. ऊटीच्या कारखान्यातले ‘इंदू’ रोल, पुढे ओर्वो कंपनीच्या रंगीत स्लाइड, म्हणजे सरळ रंगीत चित्र दिसणारी पारदर्शक फिल्म. रोल घरीच धुवायचे, फोटोही घरीच छापायचे. रात्री न्हाणीघर बंद, लाल दिवा चालू, आणि कुणाला अंघोळ करायची असेल तर सकाळी करा. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास मला अजून येतो. या सगळ्या निगेटिव्ह आणि स्लाइड पत्र्याच्या दोन डब्यांत होत्या. गेल्या वर्षी मे महिन्यात डबे उघडले, तर एकातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की असा वास येतो, एवढं मला माहीत होतं. घाबरलो. घाबरलेला माणूस घाईत निर्णय घेतो.

स्कॅनिंग घरीच का केलं नाही, असं भाचा आजही विचारतो. अरे, फिल्म स्कॅन करणारा चांगला स्कॅनर काही हजारांत येत नाही, माझं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि माल किती, तर ३५ मिमीचे १८ रोल म्हणजे ६४८ फ्रेम, क्लिक थ्रीचे १५ रोल म्हणजे १८० फ्रेम, वर २१४ स्लाइड. एकूण १,०४२. मी मोजल्या होत्या. वहीत लिहून ठेवल्या होत्या. फक्त त्या वहीवर समोरच्याची सही घेतली नाही. तुम्ही घ्या. फ्रेम नव्हे, पट्ट्या (रोल कापून केलेले निगेटिव्हचे तुकडे) मोजून लिहा, आणि खाली त्याची सही.

दुकान पुण्यात, पेठेतल्या एका गल्लीत. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. मालक पस्तिशीचा, गोड. डबा उघडून वास घेतला आणि म्हणाला, “काका, व्हिनेगर सिंड्रोम. या पावसाळ्यात गेलं म्हणून समजा.” मला वाटलं, वा, जाणकार आहे. आजारही खरा, नावही खरं, म्हणून वैद्यही खरा असं मी धरून चाललो. ३५ मिमीला फ्रेममागे १२ रुपये, क्लिक थ्रीच्या मोठ्या निगेटिव्हला २५, स्लाइडला १८. म्हणजे ७,७७६ अधिक ४,५०० अधिक ३,८५२. “इन्फ्रारेड पद्धतीने धूळ-बुरशी काढणे” २,५०० आणि हार्ड डिस्क ४,२००. एकूण २२,८२८. (डिस्क तेवढी खरी निघाली, उपकार.) बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वाढतील.” मी मनात हिशोब केला, चार हजारांच्या वर जातंय, आणि “राहू दे” म्हणालो. तोच मी, जो लोकांना कोटेशनशिवाय कर्ज देत नव्हतो.

आणि आता ती वेळ, जी आठवली की रात्री तीनला जाग येते.

मी म्हटलं, एक निगेटिव्ह माझ्यासमोर स्कॅन करून दाखव. तो लगेच तयार. टेबलावरचा स्कॅनर उघडला. आधार कार्डाच्या झेरॉक्सला वापरतात तसलाच, चपटा, ए-फोर. झाकण वर केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरा स्पंजचा पत्रा, बस्स. आता मला सांगा, निगेटिव्हमधून प्रकाश आरपार जायला नको? अण्णा एनलार्जरमध्ये, म्हणजे फोटो मोठा करून छापायच्या यंत्रात, पट्टी घालायचे तेव्हा वर दिवा, खाली कागद, मध्ये पट्टी, हे मी सहा वर्षांचा असल्यापासून पाहत आलो. पारदर्शक फिल्म स्कॅन करणाऱ्या अशा चपट्या यंत्राच्या झाकणात दिवा असतो, असलाच पाहिजे. इथे दिवा नव्हता. मी त्या पांढऱ्या पत्र्याकडे बघत होतो. डोळे उघडे होते. आणि त्याने पट्टी उचलली ती मधोमध अंगठा टेकवून, थेट चित्रावर. अण्णांनी असं धरलं असतं तर त्यांनीच स्वतःच्या हातावर चापट मारली असती.

“हे नुसतं दाखवायला हो काका, मोठं जर्मन मशीन मुंबईच्या सेंटरला आहे, ४८०० डीपीआय,” तो म्हणाला. (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपले जातात तो आकडा.) मग संगणकावर कुणाच्या तरी लग्नाचा एक झकास फोटो दाखवला. माझी पट्टी स्कॅन झालीच नाही. बोलण्याबोलण्यात ती डब्यात परत गेली, आणि मी मोबाइल काढून १२,००० पाठवले.

माझ्या जागी तुम्हीही फसला असतात असं मी म्हणणार नाही. पण बाहेर पाऊस होता, एसटीची वेळ झाली होती, आणि तो ‘काका काका’ करत होता.

अकरा आठवडे गेले. गणपती झाले. फोन केला की “मुंबईला गर्दी आहे.” शेवटी माल आला. दुकानातल्या स्क्रीनवर त्याने भराभर फोटो सरकवले. लहान आकारात सगळं छानच दिसतं. पैसे द्यायच्या वेळी “नेट बंद आहे, कॅश द्या ना.” १०,८२८ होत होते. “वरचे अठ्ठावीस राहू द्या काका.” मी त्याला थँक्यू म्हणालो. अठ्ठावीस रुपयांसाठी.

घरी येऊन फाइली मोजल्या. बरोब्बर १,०४२. मोजण्यात मी कधी चुकत नाही, आणि त्याला ते ओळखू आलं असावं.

दिवाळीत भाचा आला. त्याने धरणाच्या भिंतीचा एक फोटो उघडला आणि मोठा करत गेला. आकाश हवं तिथे बारीक चौकोनांची जाळी. मच्छरदाणीतून पाहावं तशी. “मामा, हे टॅबच्या स्क्रीनचे पिक्सेल आहेत. टॅबवर पांढरा स्क्रीन लावून वर निगेटिव्ह ठेवली आणि मोबाइलने फोटो काढला.” मी म्हटलं, असं कसं असेल. त्याने दुसरा उघडला. त्याची कड कापायची राहून गेली होती, आणि तिथे काळ्यावर पांढऱ्या अक्षरात ११:४६, शेजारी बॅटरीचं चिन्ह. सत्तरच्या दशकातल्या आमच्या अंगणाच्या डोक्यावर बॅटरी.

मग डिस्कवर न पुसलेला एक फोल्डर सापडला. मोबाइलचे मूळ फोटो, तारीख-वेळेसकट. सगळं काम दोन दिवसांत उरकलेलं. ३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर. २४०० डीपीआयनेसुद्धा नीट स्कॅन केली तर साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात आणि चेहऱ्यावरची देवीची खूण दिसते. याने मोबाइलचा फोटो ताणून ४८०० चा आकडा गाठला होता. आकडा बरोबर, आत पीठ. म्हणून फाइल किती एमबीची ते बघू नका. शंभर टक्के मोठी करा आणि पापण्या दिसतात का बघा.

काही फोटो उलटे. आईचा पदर उजव्या खांद्यावर, अण्णांचं घड्याळ उजव्या मनगटावर, एसटीची पाटी आरशातली. हे तर मला चष्म्याशिवाय दिसायला हवं होतं. आणि ते २,५०० रुपयांचं इन्फ्रारेड? कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीचं असतं, चांदीही धुळीसारखीच इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे ती युक्ती तिथे चालतच नाही. रंगीत फिल्मला चालते. म्हणजे नसलेल्या यंत्राचे, न होणाऱ्या कामाचे पैसे मी दिले.

पण खरा घाव पुढे होता. मूळ फोल्डरमध्ये फोटो १,०२१ होते. दिलेल्या फाइली १,०४२. एकवीस फोटो त्याने दुसरं नाव देऊन दोनदा घातले होते, संख्या जुळावी म्हणून. डबे उघडले. पट्ट्यांचे गठ्ठे करून कडेला स्टेपलर मारलेला. हो, निगेटिव्हला स्टेपलर. दुकानात मी गठ्ठे मोजले होते, पट्ट्या नाही. क्लिक थ्रीच्या सात पट्ट्या गायब, तीन-तीन फ्रेमच्या. त्यातल्या चार म्हणजे एक अख्खा रोल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यानंतरच्या आठवड्यात अण्णांनी काढलेला. तडकलेली क्वार्टर्स, मैदानातले तंबू, सतरंजीवर बसलेली आम्ही पोरं. बारा फ्रेम. त्याच्या दुसऱ्या प्रती नाहीत.

दुकानात गेलो तर म्हणे, “तुम्ही दिल्याच नसतील.” वही दाखवली. “हे तुमचंच अक्षर आहे ना काका?”

जवळच्या चौकीत गेलो. तिथले साहेब जेवत होते, मग बंदोबस्ताला गेले, मग आले. “फोटो मिळाले? निगेटिव्ह मिळाल्या? मग फसवलं काय?” मी जाळी दाखवली. “थोडं ब्लर आहे, एवढंच ना. दिवाणी बाब आहे.” मी भारतीय न्याय संहितेतलं ३१८ आणि ३१६ कलम छापून नेलं होतं, फसवणूक आणि विश्वासघात. त्यांनी कागद उलटा करून त्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहून घेतला. वर सल्ला, “तुम्ही गावचे, तिकडे तक्रार द्या.” गावी गेलो. “घटना पुण्यातली, तिकडे द्या.” गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो म्हटलं, तर “काका, कायदा आम्हाला शिकवताय?” तिसऱ्या खेपेला अदखलपात्र नोंद झाली, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास न होणारी. रकान्यात ‘मालाची अंदाजे किंमत’. काय लिहू विचारलं. मला सांगता येईना. अंमलदारांनीच लिहिलं: जुने फोटो, रु. ५००. मी सही केली.

तक्रारीचा म्हणून दिलेल्या एका फोन नंबरवर तीनदा नोंद केली. तिन्ही वेळा ‘तक्रार निकाली’ असा संदेश आला. काय निकाल, कुणाला माहीत. व्यापाऱ्यांच्या संघटनेत गेलो तर तो सभासदच नाही. बँकेत असताना मीही लोकांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं असेल. पण निदान बसायला खुर्ची देत होतो.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येतो, आणि दोन वर्षांच्या आत करायचा. हे मला चौकीत पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझ्या चार फेऱ्या वाचल्या असत्या. आता १०,८०० रुपयांचा पुरावा काय, हा प्रश्न येणार. रोख देऊ नका. अठरा टक्के वाढू देत. सगळा डबा एकदम देऊ नका, एक रोल द्या, तो परत येऊ दे, मग दुसरा. “मुंबईला पाठवतो” म्हणाला की डबा उचला आणि चालू लागा. आणि स्कॅनरचं झाकण उघडून आत बघा.

मध्यंतरी मी इंटरनेटवर त्याच्या दुकानाच्या नावाखाली एक तारा देऊन सगळं लिहिलं. दोन दिवसांत त्याचा फोन. आवाज तोच गोड. “काका, तेवढं काढून टाका, पाच हजार देतो. लगेच, गूगल पेने.”

मी म्हटलं, पैसे ठेव. सात पट्ट्या आण, मग बोलू.

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग खरंच न कळल्यासारखं विचारलं, “कसल्या पट्ट्या?”