थेट छपाई की आधी पीडीएफ?

जळगाव, धुळे वा नंदुरबारच्या झेरॉक्स दुकानांत पेनड्राइव्हवर वर्डची फाइल नेणारे अजूनही पुष्कळ आहेत, आणि घरी नीट बसलेला मजकूर तिथे अर्धे पान पुढे का सरकतो, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. मूळ फाइलमध्ये फॉन्ट सहसा समाविष्ट नसतो. दुकानातील संगणकावर तो नसल्यास वर्ड दुसरा फॉन्ट वापरतो, ओळींची लांबी बदलते आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठ क्रमांक चुकतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला अर्ज तर वाचण्याजोगाही राहत नाही. पीडीएफमध्ये बहुतेक वेळा फॉन्ट सोबतच जातो, त्यामुळे मांडणी हलत नाही.

तरीही पीडीएफ म्हणजे रामबाण नव्हे. पान लेटर आकाराचे, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिलिमीटरचे ठेवूनच ती तयार केली, तर २१० × २९७ मिलिमीटरच्या ए-फोर कागदावर समास बिघडणारच. म्हणून आधी ‘लेआउट’मध्ये ‘साइझ’ ए-फोर करावा. पीडीएफ छापताना ‘फिट’ऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडावा, अन्यथा मजकूर किंचित आक्रसतो. बांधणीच्या प्रबंधात, डावा समास मोजून ठेवलेला असताना, हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

थेट छपाईचा फायदा एकच, पण मोठा: ऐन वेळी नावातली वेलांटी दुरुस्त करता येते. घरचाच प्रिंटर असेल तर तीच पद्धत सोयीची. दुकानात मात्र पीडीएफच न्यावी आणि मूळ फाइल सोबत ठेवावी.