कॅनोसा की व्हेनिस?

भाची विचारत होती, प्रोजेक्टला मध्ययुगीन युरोपातल्या सम्राट-पोप भांडणातलं कॅनोसा (इटलीतला किल्ला, जिथे पोप तेव्हा होता) घेऊ की व्हेनिस. झुकला दोन्हीकडे सम्राटच, पण कारण वेगळं. 1077 च्या जानेवारीत जर्मन राजा (पुढे सम्राट) चौथा हेन्री साध्या लोकरी कपड्यात, अनवाणी, तीन दिवस थंडीत कॅनोसाच्या दाराशी थांबला, कारण घरचे सरदारच उलटले होते, वर्षभरात पोपने घातलेला धर्मबहिष्कार उठवून घे नाहीतर गादी सोड म्हणून. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला 1177 मध्ये पोपशी समेट करायला व्हेनिसला यावं लागलं ते आदल्या वर्षी लेन्यानोच्या लढाईत उत्तर इटलीतल्या लोंबार्ड शहरांनी हरवलं म्हणून.

समेट टिकण्यात मला व्हेनिसच भारी वाटतं. हेन्रीला माफी मिळूनही सरदारांनी मार्चमध्येच दुसरा राजा निवडला, पुढे 1084 मध्ये हेन्रीने पोपचं रोमच घेतलं. बार्बारोसाची मात्र शहरांशी सहा वर्षांची युद्धबंदी झाली आणि 1183 मध्ये कॉन्स्टन्स गावी पक्का तह.

सरदारांचं राजकारण दाखवायचं असेल तर कॅनोसा घे, तडजोड कशी होते ते दाखवायचं तर व्हेनिस.