साठ ठोकळ्यांचा संच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दीड वर्षाच्या मुलासाठी घेतलेला मोठ्या ठोकळ्यांचा हा संच आठ महिने जवळजवळ रोज वापरात आहे. खोक्यावरच्या चित्रात गाडी आणि बाहुल्या उठून दिसतात, पण रोज हातात येतात ते साधे ठोकळेच. म्हणून आधी मोजदाद. एकूण 60 नग: आठ बटणांचे (म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांचे) लांबट ठोकळे 18, चार बटणांचे चौकोनी 30, उतरते 4, कमानी 2, चाकांची गाडी 1, दाराची चौकट 1, बाहुल्या 2 आणि चित्र छापलेले 2. पुढे सोयीसाठी 'आठचा' आणि 'चारचा' एवढंच म्हटलं आहे.

माप ड्युप्लोचं, म्हणजे लेगो कंपनीच्या लहान मुलांसाठीच्या मोठ्या ठोकळ्यांचं आहे. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत 16 मिमी, म्हणजे आठचा ठोकळा साधारण 64 × 32 मिमी आणि बटण सोडून उंची 19.2 मिमी. लेगोने 1969 मध्ये ड्युप्लो आणलं तेव्हा नेहमीच्या लेगो ठोकळ्याची लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट केली. लहान मुठीत मावायला आणि तोंडात न जायला हे माप अगदी नेमकं आहे. तीन वर्षांखालच्या खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिमी व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो. चारच्या ठोकळ्याची एकेक बाजूच सुमारे 32 मिमी असल्याने तो त्यात जात नाही. पण बाहुलीची सुटणारी टोपी, फूल, झेंडा असलं काही संचात असेल तर एकेक तपासा. टिश्यू रोलची पुठ्ठ्याची नळी त्या नळकांड्याहून रुंद असते. तिच्यातून सहज पडणारा प्रत्येक तुकडा तिसऱ्या वाढदिवसापर्यंत कपाटात ठेवणं उत्तम.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पकड, आणि ती खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. सहा ठोकळे एकावर एक बसवा, खालचा हातात धरून मनोरा आडवा करा. मध्येच वाकला किंवा सुटला तर पकड सैल. उलट, वरचा ठोकळा किंचित तिरका करून मुलाला काढता आला नाही तर ती फार घट्ट. दीड वर्षाचं मूल जोडण्याआधी तोडायला शिकतं, त्यामुळे या वयाला घट्ट ठोकळे जास्त छळतात. मूल मग दातांनी ओढतं आणि कडांवर चरे उमटतात. या संचाची पकड आठ महिन्यांनीही टिकली आहे. फक्त तीन-चार ठोकळे सैल वाटू लागले होते, पण खालच्या पोकळीत वाळू आणि बिस्किटाचा चुरा बसला होता. जुन्या टूथब्रशने घासल्यावर ते पूर्ववत झाले.

आता खरी उणीव: आठचे ठोकळे कमी आहेत. 12 × 8 बटणांचं, म्हणजे सुमारे 19 × 13 सेंमीचं, चार थरांचं घर घ्या. एका थराला आठचे 8 लागतात. पहिल्या थरात लांब भिंती कोपऱ्यापर्यंत न्यायच्या, दुसऱ्यात आखूड भिंती; असं आलटूनपालटून केलं की प्रत्येक सांध्यावर आपोआप ठोकळा येतो. लांब भिंतीच्या मध्यावर चार बटणं रुंद आणि तीन थर उंच दार सोडलं तर आठचे 28 आणि चारचे 2 लागतात. संचात आठचे 18. उरलेल्या दहांची जागा चारच्या 20 ठोकळ्यांनी भरावी लागते, आणि मोठी माणसं इथे हमखास चुकतात: तळापासून वरपर्यंत चारवर चार रचत जातात. त्याने भिंत होत नाही, शेजारी शेजारी सुटे खांब उभे राहतात आणि हात लागला की ते फाकतात. चारचे दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात घाला, पहिला आणि चौथा थर आठच्यांचा ठेवा; त्या दोन थरांचे सांधे वेगवेगळ्या जागी येतात, म्हणून मधले चारचे खालून-वरून बांधले जातात. दाराच्या दोन्ही बाजूंना तिसऱ्या थरातही आठचाच हवा. चौथ्या थराचा सांधा नेमका दाराच्या मध्यावर येतो, मूल दाबतं तेही तिथेच. त्यावर एक उतरता ठोकळा आडवा बसवला की तो उघडत नाही.

अर्थात घर बांधणं अडीच-तीन वर्षांच्या पुढचं. दीड वर्षाला 20 ठोकळेच बाहेर काढले तर मूल जास्त वेळ रमतं. साठच्या साठ ओतले की पसरून निघून जातं. दोन वर्षांच्या आसपास मनोरे, मग आडव्या रांगा, आणि तिसऱ्या वर्षाकडे दोन खांबांवर आडवा टाकून पूल. पूल जमला की बाकीचे ठोकळे काढा. आठचे दोन ठोकळे एकाच रंगाचे असले तरी ते 24 प्रकारे जोडता येतात आणि तीन घेतले तर 1,060 प्रकारे, त्यामुळे नग कमी म्हणून खेळ खुंटत नाही.

झीज फार नाही. दाराची चौकट सर्वांत आधी गेली, बिजागरीपाशी. गाडीच्या आसात केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते दर महिन्याला चिमट्याने काढावे लागतात. छापलेली चित्रं टिकली. स्टिकर असते तर धुण्यात गेले असते. धुताना 40 अंशांखालचं कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. हे ठोकळे ज्याचे असतात ते एबीएस प्लास्टिक उकळत्या पाण्यात वाकतं, मग पकड कायमची जाते. पोकळीत पाणी साचतं म्हणून झटकून सावलीत वाळवा; कडक उन्हात पांढरे ठोकळे पिवळे पडतात.

दुसरा संच जोडणार असाल तर फक्त साध्या ठोकळ्यांचा घ्या, आणि निदान अर्धे आठचे असू द्या. जाताना घरचा एक ठोकळा खिशात ठेवा. दुसऱ्या कंपनीचा ठोकळा दिसायला सारखाच असतो, पण मापात मिलिमीटरच्या दशांशाचा फरक असला तरी एकीकडे गळतो नाहीतर दुसरीकडे रुततो.