सेकंडहँड ऑसिलोस्कोप घेणाऱ्यांनो, माझे 20,280 गेले, तुमचे वाचवा

लिहायची लाज वाटतेय, पण गप्प बसलो तर तो माणूस अजून चार जणांना गंडवणार. रायगॉल कंपनीचा 1054झेड ऑसिलोस्कोप, म्हणजे सर्किटमधलं व्होल्टेज कसं बदलतंय ते स्क्रीनवर लाट काढून दाखवणारं यंत्र, चार चॅनलचा (एका वेळी चार सिग्नल दाखवणारा), "हॉबी बंद केली, घरात पडून आहे" अशी जाहिरात, माणूस हैदराबादचा, मी पुण्यात. 2,000 टोकन, मग 17,500, वर कुरियरचे 780, सगळे यूपीआयने. आता कुणी म्हणेल न बघता पैसे दिलेच कसे. अहो, घरी एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो मी, नवशिका नाही, व्हिडिओ मागवला होता, बिल मागितलं तर बिलही आलं जीएसटी नंबरसकट. अजून काय करायचं माणसाने? आणि नवा घ्यायचा तर घरात काय सांगणार होतो.

तर तो व्हिडिओ. चारही चॅनलवर एक किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह, पिवळी, आकाशी, जांभळी, निळी, एकाखाली एक, अगदी सुबक. आणि वरचं रन-स्टॉपचं बटण लाल. लाल म्हणजे स्टॉप! म्हणजे स्क्रीनवरचं लाइव्ह नाहीच, कधीतरी सेव्ह केलेली वेव्हफॉर्म परत उघडून ठेवलेली. ते बटण मी बघितलं होतं हो. मला वाटलं नीट दिसावं म्हणून थांबवलंय, फोटो काढताना आपणही तेच करतो की. आता तो व्हिडिओ लावला की बटणाशिवाय काही दिसतच नाही आणि डोकं फिरतं.

त्यामुळे रेकॉर्ड केलेला व्हिडिओ घेऊच नका. व्हिडिओ कॉल लावा, प्रोबच्या (सर्किटला टेकवायच्या वायरच्या) टोकाला बोट लावायला सांगा, एकेक चॅनल करत. घरातल्या वायरिंगचा 50 हर्ट्झचा हम नाचताना दिसलाच पाहिजे. बोट लावायला कां कूं करणारा माणूस चोर समजा.

खोका उघडला तर पहिला चॅनल ठणठणीत, दुसऱ्यावर नुसती सरळ रेघ, तिसरा-चौथा प्रोबला ओळखच देत नाहीत. आत शील्डचं झाकण काढलं तर बीएनसीमागचे (प्रोब जोडायच्या सॉकेटमागचे) रेझिस्टर काळेठिक्कर, कुणीतरी भलतंच व्होल्टेज घातलेलं. त्याला फोन केला तर म्हणतो कुरियरने आपटलं असेल. आपटून रेझिस्टर जळतो? एवढं विचारलं आणि ब्लॉक! तपकीर गल्लीत, आमच्या पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, दाखवला, 9,000 सांगितले, तेही चालेलच याची खात्री नाही. (खोका उघडताना व्हिडिओ काढा, सील आधी दाखवा. मी काढला होता, पण तो बघायला वेळ कुणाला?)

चौकीतला पहिला प्रश्न, "टीव्ही आहे का हा?" समजावलं. मग "माल मिळाला ना? चालू होतो ना? मग सिव्हिल मॅटर आहे." चार चाकांची गाडी घेतली आणि तीन चाकं नुसती चिकटवलेली निघाली तरी सिव्हिल मॅटर का? वर हसत म्हणतात, "एक चॅनल तर चालतोय म्हणता." मी म्हटलं साहेब, कलम 420 जाऊन आता 318 आलंय, पण फसवणूक हा गुन्हा आहेच ना अजून? त्यावर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले माल आलाय तर हे सायबर नाही, चौकीतच जा. चौकीत परत आलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. म्हणजे रिकामा खोका आला असता तर बरं झालं असतं, निदान तक्रार तरी घेतली असती! अर्धा माल पाठवायचा हीच त्याची खरी अक्कल आहे, आणि ती चौकीतल्या कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

तरी पैसे गेले आणि माल आलाच नाही असं झालं तर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत. यूटीआर नंबर (पेमेंटचा व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा. सीरियल नंबरचा फोटो पैसे देण्याआधी घ्या आणि तोच नंबर स्क्रीनवरच्या सिस्टिम इन्फोमध्ये दाखवायला लावा. जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. मी नंतर बघितला, भलत्याच कुठल्यातरी फर्निचरवाल्याचा निघाला.

आणि हो, त्याचं अकाउंट अजून चालू आहे. परवा दुसऱ्या नंबरवरून बघितलं, आता बेंच पॉवर सप्लाय टाकलाय, 30 व्होल्ट 5 अँपिअर, 6,500 ला. व्हिडिओत डिस्प्लेवर 30.00 झळकतंय आणि टर्मिनलला लोड म्हणून साधा बल्बसुद्धा लावलेला नाही, म्हणजे करंट देतो की नाही ते कळायलाच नको.