घरातल्या व्यायामाला कोणती जुनी मालिका: स्टार ट्रेक की कॅप्टन व्योम?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत घराबाहेरचा व्यायाम वर्षातले काही महिनेच धड होतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, सकाळी आठनंतर रस्त्यावर निघवत नाही. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते आणि अंधारात पांदणीनं चालायचं तर सापाची धास्ती. शेतात राबणाऱ्याचं शरीर हलतंच. पण दुकानात, शाळेत, सेतू केंद्रात दिवसभर बसणाऱ्यानं काय करावं? त्यानं घरातच घाम गाळावा आणि समोर जुनी विज्ञानमालिका लावावी, असं मी आग्रहानं सांगतो.

मालिका मात्र आधी पाहिलेलीच हवी. नवी गोष्ट रंगली की पाय आपोआप मंदावतात. जुनीत पुढचं ठाऊक असतं, त्यामुळे घाम पुसायला मान वळवली तरी काही सुटत नाही.

आधी स्टार ट्रेक, अंतराळयानाच्या सफरींची मालिका. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग दाखवले गेले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची, यानाचा कॅप्टन कर्क आणि त्याचा साथीदार स्पॉक तेव्हापासूनचे ओळखीचे. एक भाग साधारण ५० मिनिटांचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे बरोबर तीन भाग. या चालीनं मृगात सुरू केलेली मालिका कापूस वेचणीच्या दिवसांत संपते.

तिची बांधणीही व्यायामाला पोषक आहे. जाहिरातींसाठी प्रत्येक भागाचे तुकडे पाडलेले असतात. आधी छोटा प्रसंग, मग नामावली, मग चार अंक, आणि बहुतेक अंक ताणाच्या क्षणी तुटतो. पहिल्या प्रसंगात अंग मोकळं करायचं, अंकात जोर लावायचा, अंक तुटला की वेग कमी करून दम घ्यायचा. घड्याळ बघायची गरज उरत नाही. शिवाय प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र असल्यानं सोयाबीन काढणीत दोन आठवडे खंड पडला तरी बिघडत नाही. तिसरा सीझन उतरता आहे, तो शेवटी ठेवा.

अडचण भाषेची. इंग्रजी कानाला सरावाचं नसेल तर खालच्या ओळी वाचाव्या लागतात, आणि दोरीवरच्या उड्या मारताना ते जमत नाही. म्हणून स्टार ट्रेक सायकलवाल्यांसाठी. व्यायामाची सायकल विकत घ्यायलाच हवी असं नाही. जुनी काळी सायकल भक्कम डबल स्टँडवर लावून पायडल मारता येतं. चाक फारच हलकं फिरत असेल तर डायनॅमो चाकाला टेकवा, थोडा जोर लागतो. मोबाइल खिडकीच्या गजाला डोळ्यांच्या उंचीवर बांधा, खाली ठेवलात तर मान धरते.

आता कॅप्टन व्योम. १९९८ ची, दूरदर्शनवरची, केतन मेहतांची मालिका. अंतराळातल्या तुरुंगातून निसटलेले गुन्हेगार आणि त्यांच्या मागावर मिलिंद सोमण. हिंदी असल्यानं नुसती ऐकूनही कळते, त्यामुळे जोर, बैठका, सूर्यनमस्कार यांना हीच बरी. जमिनीकडे तोंड असताना पडदा दिसतोच कुठे? अर्ध्या तासाच्या वेळेत बसणारा भाग, मारामारीही भरपूर. गोष्ट मात्र सलग आहे, मधले भाग गाळले तर दुवा निसटतो. आणि उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात संवाद ऐकूच येत नाहीत, तेव्हा इअरफोन लावाच.

तिची दृश्यं आज कच्ची वाटतात, कथेची खोलीही स्टार ट्रेकच्या जवळपास नाही. तरी व्यायामासाठी तिच्याकडे एक मोठी गोष्ट आहे: खुद्द नायक. मिलिंद सोमण राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते आणि २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी झुरिकची आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणं, सगळं एका दमात. हे माहीत असलं की शेवटच्या दहा बैठका टाळाव्याशा वाटत नाहीत.

डॉक्टर हू या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे जुने भाग २५ मिनिटांचे आणि नेमके अडचणीच्या क्षणी संपणारे, पण त्यातलं ब्रिटिश इंग्रजी फार जणांना पेलणार नाही.

मला एकच निवडायला सांगितली तर मी स्टार ट्रेक घेईन, कारण त्यातले अंक अंगाला शिस्त लावतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी, किंवा गुडघे शाबूत असून वेळ कमी असणाऱ्यांनी, व्योम घ्यावी. गुडघे दुखत असतील तर बैठकांच्या वाटेला जाऊ नका, सायकल आणि स्टार ट्रेक धरा. वादळवाऱ्यात लाईन जाते आणि रेंजही, म्हणून आठवड्याचे भाग आधीच उतरवून ठेवा आणि मोबाइल चार्ज असू द्या.