आठ महिने इम्पॅक्ट गन वापरली, भांडण मात्र गोट्यांवरून

इम्पॅक्ट गन म्हणजे ठोके देत नट-बोल्ट सोडवणारी बॅटरीवरची गन. मार्चमध्ये घेतली, आता नोव्हेंबर आहे. गेल्या आठवड्यात तिच्यासोबतच्या सेटमधली १३ नंबरची गोटी (गनच्या टोकाला लावून नटावर बसवायचा सॉकेट) उभी चिरली, म्हणून लिहायला बसलो. व्होल्ट, टॉर्क, बॅटरी सगळं बॉक्सवर छापलेलं आहे, ते इथे सांगत नाही.

गाडी वडिलांची, १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. गंगापूर रोडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये नऊ पावसाळे उभी होती. १०८९ सीसीचं ते छोटंसं इंजिन, पण प्रत्येक बोल्ट गंजून जाम. इंजिन गाडीला धरून ठेवणारे माउंटिंगचे बोल्ट लांब दांड्याला पाईप लावूनही हलले नव्हते, ते गनने चार-पाच सेकंदांत सोडले. पाईपने सलग पीळ बसतो आणि बोल्ट मानेत तुटायची भीती असते. गनमधला हातोडा भराभर ठोके देतो, त्याने गंजाची पकड तडकते. त्या दिवशी मी सगळ्यांना हीच घ्या म्हणून सांगत सुटलो होतो.

मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आला, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारा, हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) स्टड आणि नटांनी बसवलेला भाग. पहिलाच नट गोल झाला. दोष गोटीचा. सोबत दिलेल्या गोट्या बारा कोनी, चकचकीत क्रोमच्या. गंजाने झिजलेल्या नटावर बारा कोनी गोटी फक्त टोकांना धरते आणि घसरते. सहा कोनी गोटी नटाच्या सपाट बाजूंवर बसते. शिवाय इम्पॅक्टच्या गोट्या काळ्या आणि जाड भिंतीच्या असतात, कारण क्रोमच्या कडक गोट्या ठोक्यांनी तडकतात. तडकलेला तुकडा डोळ्यात गेला तर काय? इम्पॅक्ट गनच्या बॉक्समध्ये अशा गोट्या घालणं हा निष्काळजीपणा आहे. सर्व्हिस सेंटरला चिरलेली गोटी दाखवली, तर उत्तर आलं, "ॲक्सेसरीला वॉरंटी नाही." तीन चकरा, प्रत्येक वेळी वेगळा माणूस, तेच वाक्य. गनला वॉरंटी आहे आणि तिच्याबरोबर विकलेल्या गोटीला नाही, हे मला मान्य नाही.

दुसरा स्टड (हेडमध्ये रुतवलेला, नट बसायचा आट्यांचा दांडा) मात्र माझ्या हातून तुटला, तो गोटीवर ढकलणार नाही. मी सरळ फुल पॉवर दिली. गंजून बारीक झालेला स्टड ठोक्यांनीही तुटतोच. सातपूर एमआयडीसीतल्या एका वेल्डरने उरलेल्या खुंटावर नवा नट वेल्ड केला, लाली उतरू दिली आणि साध्या पान्याने खुंट बाहेर काढला. हेड ॲल्युमिनियमचं, त्याला लोखंडाचं वेल्ड धरत नाही. उलट उष्णतेने आटे मोकळे होतात. ते बघताना मला अक्षरशः भरून आलं. ते हेड गेलं असतं तर दुसरं कुठून आणलं असतं?

तेव्हापासून पद्धत बदलली. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात मुरणारं पातळ तेल. मग कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी काढून, ऑइल पुसून, फक्त नटाला आच. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही, त्यामुळे हेडवर ज्योत नाही. गरम नटाला मेणबत्ती टेकवली की मेण आट्यांत ओढलं जातं. नंतर गन सर्वांत कमी पॉवरवर: आधी जरासं आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा तसंच. उरलेले सगळे नट असेच आले, एकही स्टड गेला नाही. परत बसवताना पितळी नट आणि कॉपर ग्रीस वापरलं.

गन स्वतः दणकट आहे. बॅटरीचा दमही आठ महिन्यांत कमी झालेला नाही. तरी मी पाचपैकी तीनच तारे देतोय, आणि कंपनी सहा कोनी गोट्या देईपर्यंत ते वाढवणार नाही. नुसती गन, बॅटरी आणि चार्जर असा बॉक्स मिळाला तर तोच घ्या. वाचलेल्या पैशांत काळ्या इम्पॅक्ट गोट्या घ्या, खोल आणि आखूड दोन्ही, आणि सोबत एक चांगला सेफ्टी चष्मा. माझा क्रँक पुलीचा (इंजिनच्या पुढच्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकाचा) नट अजून बाकी आहे. त्याला कालपासून ऑइल घालतोय.