'मेंदूचं वय' सांगणाऱ्या ॲपने बाबांना असं गंडवलं

बाबांच्या मोबाइलवर स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गेमची जाहिरात आली. चाचणी फुकट. जन्मसाल टाकलं, चौकोन लक्षात ठेवले, रंग ओळखले आणि स्क्रीनवर लालभडक अक्षरं उमटली: 'तुमच्या मेंदूचं वय ८३'. बाबा ७२ वर्षांचे. माणूस हादरणारच! खाली बटण तयार होतं, काही दिवस मोफत, फक्त कार्डाचा नंबर द्या. मुदत संपताच वर्षाचे पैसे एकरकमी कापले गेले.

मला संशय आला म्हणून बाबांचं जन्मसाल टाकून तीच चाचणी मी दिली, एकही चूक न करता. उत्तर ८३. मग माझं जन्मसाल टाकून मुद्दाम वाटेल तिथे बोटं मारली, तर माझ्या वयात बरोबर ११ मिळवून आकडा हजर. चाचणी कसली, बेरीज होती ती.

जाहिरातीत संशोधनाचा दाखलाही होता. तो खोटा नाही. २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ६० ते ८५ वयाच्या लोकांवरचा अभ्यास आला होता. गाडी चालवण्याच्या एका गेममुळे त्यांची एकाग्रता सुधारली. पण तो गेम संशोधकांनी मुद्दाम त्यासाठीच बनवला होता. त्याचं पुण्य या ॲपच्या खात्यात कसं जमा होणार? असल्याच अवास्तव दाव्यांसाठी अमेरिकेत 'ल्युमॉसिटी' या मेंदूच्या गेमच्या ॲपच्या कंपनीला २०१६ मध्ये २० लाख डॉलर मोजावे लागले.

खरा संताप आला तो मदत केंद्रावरच्या मुलाचा. नावं आठवत नाहीत, गोळी घेतली की नाही तेही विसरतो, असं बाबांनी सांगितलं तर म्हणतो, "काका, तुमचा ग्राफ वर चाललाय ना? मग डॉक्टर कशाला?" ग्राफ चढणारच, रोज तोच गेम खेळून हात बसतो. त्याने गोळीची आठवण राहत नाही. आम्ही डॉक्टरांकडे गेलोच. रक्त तपासलं तर बी-१२ फार कमी निघालं. त्याच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो. आता इंजेक्शनं चालू आहेत.

आणि हो, ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ज्या स्टोअरमधून घेतलं, तिथल्या 'सबस्क्रिप्शन'मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते. पैसे परत मागण्याचा अर्जही तिथेच आणि लगेच करा. आमचा मुदतीबाहेर म्हणून फेटाळला. बँकेकडे तक्रार केली आहे, उत्तर यायचंय.